तान्ह्या पोळ्याची जड फाइल

व्हिडिओ फाइलचा आकार दोन गोष्टींवर ठरतो. एक बिटरेट, म्हणजे सेकंदाभराच्या चित्र-आवाजासाठी खर्ची पडणारे बिट; दुसरी चित्रणाची लांबी. दोहोंचा गुणाकार करून आठाने भागले की बाइट मिळतात. फोन सेकंदाला 17 मेगाबिट या दराने 1080पी चित्रण करत असेल, तर सहा मिनिटांत 765 एमबी भरतात. प्रस्तुत लेखकाच्या घरची, वर्धा जिल्ह्यातील सिंदी (रेल्वे) येथील तान्ह्या पोळ्याची फाइल अशीच होती: लाकडी नंदी ओढणारी मुले, त्यांच्या हातावर बोजारा, म्हणजे सणाची ओवाळणी, ठेवणारी वडीलधारी माणसे आणि गर्दीतून उठणाऱ्या झडत्या, म्हणजे पोळ्याला म्हणायची कवने. ती पुण्याच्या आत्याकडे पोचवायची होती. जीमेलवर जोडायच्या फाइलची मर्यादा 25 एमबी. व्हॉट्सअ‍ॅप फाइल घेते, पण व्हिडिओ म्हणून पाठवल्यास ती स्वतःच्या हिशेबाने आवळते, आणि चित्र पुसट होते.

सगळ्यांत आधी कात्री चालवावी. हलता कॅमेरा, नुसती वाट पाहणे, जमिनीचे चित्रण असा भाग काढताच सहाची चार मिनिटे झाली आणि उरलेल्या चित्राला धक्काही न लागता फाइल 510 एमबीवर आली. इतके फुकट दुसऱ्या कोणत्याही उपायात मिळत नाही.

त्यानंतर चित्राची मापे. 1080पीच्या एका चौकटीत सुमारे 20.7 लाख ठिपके असतात, 720पीत 9.2 लाख, फोनच्या पडद्यावर हा फरक फारसा जाणवत नाही. संकोचनाच्या पद्धतींपैकी 2003 सालची एच.264 जवळजवळ प्रत्येक फोनवर चालते. 2013 सालची एच.265 तेवढ्याच दर्जासाठी साधारण निम्मी जागा घेते, पण जुन्या फोनवर अडते. आत्याचा फोन जुना, म्हणून एच.264 निवडली. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये दर्जाचा आकडा वाढवला की फाइल लहान होते. 24 वर ठेवल्यावर ती सुमारे 60 एमबी झाली.

तोच आकडा प्रत्येक चित्रणाला सारखे फळ देत नाही, आणि घरी प्रयोग करणाऱ्याची फसगत बहुधा इथेच होते. संकोचन करताना एक चौकट पूर्ण साठवली जाते. पुढच्या चौकटींत केवळ काय बदलले याची नोंद राहते. सेवाग्रामच्या आवारातून, फोन स्थिर ठेवून टिपलेल्या बापूकुटीत बदलते ते झाडाच्या पानांपुरते. म्हणून मिनिटभराची फाइल अगदी हलकी होते. पवनारला धाम नदीचे खडकांवरून फुटणारे पाणी मात्र दर चौकटीत नवे असते, आणि तितक्याच वेळाची फाइल कित्येक पट जड राहते. पोळ्याची गर्दी पाण्याच्याच जातीची. समजा, तिला 16 एमबीत कोंबायचे, तर चार मिनिटांसाठी आवाजासह सेकंदाला जेमतेम 0.53 मेगाबिट हाती उरतात. तेवढ्यात चेहऱ्यांचे चौकोन होतात आणि नातू कोणता, नंदी कोणाचा, हे ओळखू येत नाही. अशा वेळी फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. 2022 पासून व्हॉट्सअ‍ॅपवर ती 2 जीबीपर्यंत जाते आणि चित्राला हात लागत नाही.

आवाजावर काटकसर करू नये. सेकंदाला 128 किलोबिट धरले तरी चार मिनिटांचे चार एमबीही होत नाहीत. ढोलाच्या गजरात झडतीचे शब्द लागायचे असतील, तर एवढी जागा द्यावीच लागते.

लेखकाच्या घरी आदल्या वर्षी फोन भरला म्हणून मूळ फाइल पुसली गेली होती. आजोबांनी म्हटलेली झडती आता फक्त पुढे ढकलत आलेल्या प्रतीत आहे. तिच्या शेवटच्या दोन ओळी कितीही कान देऊन ऐकल्या तरी लागत नाहीत, आणि पुसलेले बिट कोणतेही सॉफ्टवेअर परत आणत नाही. म्हणून या खेपेला 60 एमबीची प्रत आत्याला गेली, आणि न कापलेली 765 एमबीची फाइल वर्षाचे नाव घालून दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवली गेली.