देवीच्या गावात भाड्याचं घर

9 जानेवारी 2019 रोजी सोलापुरात पंतप्रधानांच्या हस्ते सोलापूर–तुळजापूर–उस्मानाबाद या चौपदरी महामार्गाचं लोकार्पण झालं. उस्मानाबादचं धाराशिव व्हायचं होतं अजून. मोठ्या घोषणांच्या गर्दीत या रस्त्याची बातमी फार कुणाच्या लक्षात राहिली नसेल, पण रोज अप-डाऊन करणाऱ्यांच्या ती पक्की ध्यानात आहे. ट्रकच्या मागे रखडणं कमी झालं आणि मग घराघरांत एक प्रश्न निघू लागला: नोकरी दोन गावांत असेल, तर संसार कुठे मांडायचा?

माझ्या भाचीच्या घरात हा प्रश्न बरेच दिवस धुमसत होता. ती धाराशिवच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. जावईबापू सोलापुरात, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात हिशेब आणि निर्यातीची कागदपत्रं बघतात. घरात दुसरीतली मुलगी आणि गुडघ्यांनी हैराण झालेल्या सासूबाई. बिऱ्हाड सोलापुरात असल्यामुळे सगळा प्रवास भाचीच्या वाट्याला. जाऊन-येऊन सव्वाशे किलोमीटरच्या वर. सकाळचं कॉलेज गाठायचं म्हणून ती अंधारात निघायची आणि दुपारी परतल्यावर मुलीचा अभ्यास घेता घेता तिथेच डुलकी काढायची.

जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना निदान बदलीच्या वेळी पती-पत्नी एकत्रीकरणाचा अर्ज करता येतो. दोघांच्या शाळांत 30 किलोमीटरपेक्षा जास्त अंतर असेल तर तो विचारात घेतात. कारखाना आणि खासगी संस्थेचं कॉलेज यांना असा कुठला जीआर लागू नाही. त्यांचं एकत्रीकरण त्यांनी आपलं आपणच करायचं.

धाराशिवलाच राहायला जाण्याचा पर्याय सर्वांत सरळ होता. तिथे जिल्ह्याची सगळी कार्यालयं आहेत, आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. पण मग तेवढेच किलोमीटर जावईबापूंच्या खात्यावर गेले असते, आणि त्यांची सुटी कंटेनर भरण्यावर अवलंबून. रात्री नऊलाही होते. तामलवाडीच्या बाजूला हायवेच्या कडेने प्लॉटिंगच्या पाट्या आहेत, त्यांनी काही दिवस भुरळ घातली. एका दुपारी तिथे जाऊन उभं राहिल्यावर सासूबाईंनी विचारलं, "कोथिंबीर आणायची झाली तर कुठं जायचं?" तो विषय तिथेच मिटला. बार्शीचं नाव माझ्या बहिणीने सुचवलं होतं. गाव भरलेलं, बाजारपेठ जुनी, दवाखान्यांची सोय तर तालुक्याच्या गावाला हेवा वाटावा अशी. ग्रामीण भागातली देशातली पहिली कर्करोग नोंदणी 1987 मध्ये सुरू झाली ती बार्शीतच. पण बार्शी या रस्त्यावर नाही. उरलं तुळजापूर.

नकाशात बघितलं तर तुळजापूर मध्यावर नाहीच. सोलापूरहून 45 किलोमीटर, धाराशिवहून वीस-बावीस. भाचीने आधी हिशेब मांडला तो किलोमीटरचा आणि तिला तो नवऱ्यावर अन्याय वाटला. जावईबापूंनी मग वेळेचा मांडला. सकाळच्या प्रवासात ती आणि मुलगी एकाच वेळी घराबाहेर पडतात. ती अर्ध्या तासात कॉलेजात पोचली तर मुलीचा डबा, वेणी, दप्तर सगळं तिच्या हातून होऊ शकतं. त्यांना स्वतःला दहापर्यंत पोचायचं असतं. शिवाय ते उतरणार जुन्या तुळजापूर नाक्याला, तिथून कारखाना काही फार लांब नाही. फक्त कांद्याच्या हंगामात मार्केट यार्डाकडे ट्रकांची रांग लागली की सगळा हिशेब कोलमडतो. हे त्यांनी मागाहून सांगितलं, सही झाल्यावर.

2023 च्या मार्चमध्ये एसटीने महिलांना तिकिटात सरसकट निम्मी सवलत दिली. त्याचाही या निर्णयात वाटा आहे. जावईबापूंचा मासिक पास, म्हणजे वीस दिवसांचं भाडं भरून तीस दिवस प्रवास, आणि भाचीचं अर्धं तिकीट अशी बेरीज केली तर मोटारसायकलच्या पेट्रोलपेक्षा एसटी परवडत होती. शिवाय तुळजापूरला जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांना तोटा नाही. देवीचं गाव आहे, महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्हीकडच्या बस येतात. मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा सोडल्यास बसायला जागाही मिळते.

घर बघायला गेलो तेव्हा मी बरोबर होतो, म्हणजे गाडी माझी होती. सोलापूरची हवा मे महिन्यात त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांवर जाते. तुळजापूर बालाघाटाच्या डोंगरावर असल्याने घाट चढला की वारा जरा सुसह्य होतो. देवळाजवळची दोन घरं बघितली. दगड-मातीच्या हातभर रुंद भिंती, वर माळवद, आत उन्हाळ्यातही गारवा. मला ती आवडली. सासूबाईंनी मात्र उंबऱ्यातूनच मान हलवली. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत अशाच भिंती आणि अशीच माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली होती. त्या वेळी त्यांचं माहेर उमरग्याच्या बाजूला होतं. "भिंत कशाची आणि स्लॅब कशावर उभा," हे दोन प्रश्न त्यांनी त्यानंतर प्रत्येक घरमालकाला विचारले. या भागातला जुना माणूस भाड्याआधी हेच विचारतो.

शेवटी आपसिंगा रस्त्याच्या बाजूला एक घर पसंत पडलं. तळमजला, कॉलम-बीमचं बांधकाम, पुढे अंगण. त्याच रस्त्यावर टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा परिसर आहे, त्यामुळे देशभरातून आलेली विद्यार्थी मंडळी संध्याकाळी चहाच्या टपरीवर दिसतात. तीर्थक्षेत्राच्या गावात हे चित्र भाचीला अनपेक्षित होतं. आपल्या मुलीच्या कानावर चार भाषा पडाव्यात, असं ती म्हणायची. सोलापुरात तेलुगू, कन्नड, उर्दू गल्लीत फुकट मिळते. ती हातची जाणार याचं तिला खरंच वाईट वाटत होतं.

घरमालक पुजारी घराण्यातले. तुळजापुरात भोपे आणि पाळीकर अशी पुजाऱ्यांची घराणी आहेत आणि त्यांचे यजमान पिढ्यानपिढ्या ठरलेले असतात. गावोगावच्या यजमानांची उतरण्याची, जेवणाची सोय पुजाऱ्याच्या घरी होते. त्यामुळे अकरा महिन्यांच्या करारात एक कलम असं होतं, जे सोलापूरच्या कुठल्याच भाडेकरूने वाचलं नसेल: नवरात्रात अंगण यजमानांच्या गाड्यांसाठी घरमालक वापरतील. जावईबापू हसले आणि त्यांनी सही केली. पाण्याचं विचारलं तर नळाला रोज येत नाही, बोअर आहे, हेही त्या गृहस्थांनी न लपवता सांगितलं. चार-पाच दिवसांआडच्या पाण्यावर वर्षं काढलेल्या सोलापूरकराला त्याचं काय! पिंप भरून ठेवायची सवय सामानाबरोबरच येते.

सासूबाईंनी खरा विरोध केला तो वेगळ्याच कारणाने. सगळ्यांना वाटलं होतं, देवीचं गाव म्हटल्यावर त्या एका पायावर तयार होतील. त्या म्हणाल्या, "कुलदैवताच्या गावात घर करू नये. पाहुणे थांबत नाहीत." आम्ही हसण्यावारी नेलं. पण त्यांचंच बरोबर निघालं. लग्न झालं की जोडपं आधी तुळजापूरला. बाळ झालं की ओटी भरायला तुळजापूर. नवस, जावळ, जागरण-गोंधळ, सगळ्याला तुळजापूर. आणि आता तिथे आपलं माणूस राहतं म्हटल्यावर लॉज कोण करणार? पहिल्या पौष महिन्यात, शाकंभरी नवरात्राच्या दिवसांत, त्या दोन खोल्यांत अकरा माणसं झोपली होती. जावईबापूंच्या आत्याबाई पहाटे चरणतीर्थाला जायचं म्हणून मध्यरात्रीनंतर आंघोळीचं पाणी तापवत होत्या आणि मुलगी त्यांच्यामागे परडी घेऊन नाचत होती. भाचीचे सहामाहीचे पेपर तपासायचे राहिले होते. ते तिने बसमध्ये तपासले.

त्यानंतर तिने एक नियम केला: शनिवार-रविवार पाहुण्यांचे, मधले दिवस घराचे. नियम मोडतोच, पण तो असल्यामुळे फोन करून येण्याची पद्धत तरी पडली.

कोजागरीचा आठवडा ही या गावाची खरी परीक्षा. दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की देवीची श्रमनिद्रा सुरू होते, ती पौर्णिमेपर्यंत. आणि पौर्णिमेला सोलापुरातून लाखो माणसं चालत तुळजापूरला येतात. बाया-माणसं, कॉलेजची पोरं, कडेवर लेकरं घेतलेल्या आया, कर्नाटकातून निघालेले जथे, रात्रभर "आई राजा उदो उदो". रस्त्याच्या दुतर्फा चहा, केळी, खिचडी वाटणारी मंडळं. या पदयात्रेसाठी महामार्ग वाहनांना बंद ठेवतात आणि वाहतूक दुसरीकडून वळवतात. पहिल्या वर्षी जावईबापू नळदुर्गावरून फेरा घालून कामावर गेले. पुढच्या वर्षी त्यांनी शहाणपणा केला: त्या दोन रात्री सोलापुरात मित्राकडे थांबले आणि परतताना सरळ त्या गर्दीबरोबर चालत घरी आले. पायांना फोड आले होते, पण इतका खूश झालेला जावई मी बघितला नव्हता.

मुलीचं काय, हे मला सगळे विचारतात. तिची शाळा चालत जाण्याच्या अंतरावर आहे. सोलापुरात ती रिक्षातून जायची, आठ-नऊ पोरं एकात कोंबलेली. आता शेजारच्या दोघींबरोबर जाते. दुपारी आई घरी आलेली असते, जागी असते. संबळ आणि हलगी यांतला फरक तिला डोळे मिटूनही कळतो. पोहण्याचा क्लास, नाटकाचं शिबिर, मोठं वाचनालय ही सोलापूरची चैन मात्र गेली. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला आजोळी धाडून ती थोडीफार भरून काढतात. दवाखान्याची धास्तीही गेलेली नाही. गावात उपजिल्हा रुग्णालय आहे, साध्या दुखण्याला अडत नाही. पण सासूबाईंच्या गुडघ्यांचे डॉक्टर सोलापूरचेच, आणि रात्री-अपरात्री काही झालं तर 45 किलोमीटर हे 45 किलोमीटरच असतात. म्हणून पहिल्या महिन्यातच त्यांनी एका ओळखीच्या गाडीवाल्याचा नंबर स्वयंपाकघराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला.

माझं मत विचाराल तर ही निवड बरोबर ठरली, आणि ती अंतराच्या हिशेबाने ठरलेली नाही. प्रवास करणारी दोन माणसं दिवसभर त्या गावात नसतातच. दिवसभर तिथे असतात म्हातारी आणि पोरगी, म्हणून भाजी, शाळा, शेजार आणि भिंती बघून घर घेतलं हे बरं झालं. सोलापूर–तुळजापूर–धाराशिव रेल्वेमार्गाचं काम चालू आहे; स्टेशन घरापासून किती लांब पडेल, यावर जावईबापू आत्तापासून चर्चा करतात. गाडी सुरू होईल तेव्हा होईल.

तुमच्यापैकी कुणी या रस्त्यावर घर शोधत असाल तर एक करा. श्रावणातल्या एखाद्या निवांत बुधवारी तुळजापूर बघून करारावर सही करू नका. नवरात्रात या, कोजागरीला या, अंगणात गाड्या किती लागतात ते मोजा. मग भाडं ठरवा.