आप्पांचं डावं

रात्रीचे साडेअकरा. दिंडोरीच्या घरातल्या ट्यूबलाइटसमोर आप्पांच्या छातीचा एक्स-रे धरून मी उभी. बायोलॉजीशी काडीमोड घेऊन बारा वर्षं झाली, पण टेन्शनमध्ये माणूस काहीही वाचायला बघतो. पांढुरका डाग स्पष्ट दिसत होता, माझ्या उजव्या हाताला. लगेच पुण्याला भावाला फोन : ‘उजव्या फुप्फुसात आहे रे.’ मग रिपोर्ट उघडला. त्यात चक्क ‘लेफ्ट’! झालं. रिपोर्टची अदलाबदल झालीय, हा किडा रात्रभर डोक्यात.

सकाळी नाशिकला डॉक्टरांसमोर तावातावाने फिल्म ठेवली. त्यांनी कोपऱ्यातल्या छोट्याशा ‘एल’वर फक्त बोट टेकवलं. अ‍ॅनाटॉमीत डावं-उजवं नेहमी पेशंटचं, बघणाऱ्याचं नाही. पेशंट आपल्याकडे तोंड करून उभा आहे असं समजून फिल्म बघायची. म्हणून तर हृदयाची सावलीही माझ्या उजवीकडे झुकलेली होती. मला तेवढंही दिसलं नव्हतं!

परतताना गाडीत आप्पा खोकता खोकता हसले. ‘पत्रकार ना गं तू? उजव्या सोंडेचा गणपती म्हणतो, तेव्हा उजवी कुणाची? त्याचीच ना?’ मग गाडी गाईवर घसरली. गाय फुगली की डॉक्टर आधी डावी भकाळी बघतात, बरगड्यांमागचा तो खोलगट भाग. रवंथाचं मोठं पोट त्याच बाजूला असतं. जिवावर बेतलं तर तिथंच टोचून गॅस काढतात. ‘तू तिच्या मागं उभी राहा नाहीतर पुढं. डावी ती गाईची.’

नंतर शोधलं तर वर-खालीचीही हीच गंमत. आपली पाठ मागे, गाईची वर. आपलं पोट पुढे, तिचं जमिनीकडे. म्हणून दोघांना चालतील असे शब्द : पाठीकडचं डॉर्सल, पोटाकडचं व्हेंट्रल, डोक्याकडचं क्रेनियल आणि शेपटीकडचं कॉडल. बिनशेपटीच्या माणसालाही कॉडल! आप्पांना हे सॉलिड आवडलं.

डाग न्यूमोनियाचा निघाला. औषधं झाली, सहा आठवड्यांनी दुसरा एक्स-रे. पुन्हा तीच ट्यूबलाइट. या वेळी मी आधी ‘एल’ शोधला, मग आप्पांना समोर उभं करून त्यांच्या सदऱ्याच्या खिशावर बोट ठेवलं.

‘इथं होता.’

‘आणि आता?’

मी पुन्हा फिल्मकडे बघितलं. तिथं दोन्ही बाजू सारख्याच काळ्या होत्या.