न झिजतां आलेलें म्हातारपण

आमच्या लहानपणीं वस्तु म्हातारी होई ती झिजून. जात्याला टांकी लावली, भांड्याला कल्हई केली, कीं त्यांचें आयुष्य पुन्हा वाढे. संगणक मात्र न झिजतांच म्हातारा होतो. माझा संगणक बारा वर्षांचा आहे. त्याची एकही कळ निखळलेली नाहीं. पण त्यावर नवा ब्राउझर चढवूं म्हटलें, कीं ‘आपली प्रणाली फार जुनी आहे’ असें उत्तर येतें.

ह्यांत निव्वळ नफेखोरी आहे असें म्हणणारांस मी डेबियनकडे बोट दाखवितों. ही प्रणाली स्वयंसेवक चालवितात व फुकट वांटतात. तरी ऑगस्ट २०२५ मध्यें निघालेल्या १३ व्या आवृत्तींत तिनेंही जुन्या ३२-बिट संगणकांवर ती नव्यानें बसविण्याची सोय काढून टाकली. प्रत्येक सुधारणा प्रत्येक जुन्या यंत्रावर पारखावी लागते, आणि पारखणारे हात मोजकेच असतात.

हें मला पटतें. तरीहि एक गोष्ट खुपतेच. विंडोज १० जुलै २०१५ मध्यें आली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं तिची नित्याची सेवा थांबली. पण ज्यानें तिच्यासह संगणक २०२१ सालीं घेतला, त्याच्या वांट्याला दहा वर्षें कोठून येणार? औषधाच्या बाटलीवर मुदत छापलेली असते. तशीच ती संगणकाच्या खोक्यावरहि ठळकपणें छापावी. मुलांच्या शिक्षणासाठीं पैसे सांठवून संगणक घेणाऱ्या गृहस्थाला, आपण किती वर्षांच्या बोलीनें सौदा करीत आहों, एवढें तरी आधीं कळलें पाहिजे.