नारायणगडाची दगडी खडीसाखर

बीडजवळच्या बालाघाटाच्या डोंगरात नारायणगड आहे. नगद नारायण महाराजांचं हे ठाणं ‘धाकटी पंढरी’ म्हणून ओळखलं जातं. गेल्या हिवाळ्यात चौथीच्या मुलांची सहल घेऊन मी तिथं गेलो. दर्शन झालं, भाकरी-ठेचा झाला. उतरताना वाटेत एक नवी विहीर लागली. बाहेर काढलेल्या दगडांचा ढीग पडला होता.

“गुरुजी, खडीसाखर!” एक जण ओरडला.

काळपट दगडात शेंगदाण्याएवढी भोकं आणि भोकांत पांढरे चमकदार खडे! काही भोकांना हिरवं अस्तर.

ही खडीसाखर भरली कुणी? पाण्यानं! सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथं लाव्हारसाचे थरावर थर पसरले. रस थिजताना वायूचे बुडबुडे आतच अडकले. त्यांचीच ही भोकं. पुढं खडकात पाणी झिरपलं आणि आतल्या उष्णतेनं तापलं. गरम पाण्यात साखर लवकर विरघळते ना? तसंच या पाण्यानं खडकातलं सिलिका, कॅल्शियम, सोडियम, ॲल्युमिनियम थोडंथोडं ओढून घेतलं आणि भोकांत त्यांचे नवे स्फटिक घडवले.

डब्यातलं लिंबू पिळून पाहिलं. बुडबुडे आले नाहीत, म्हणजे कॅल्साइट नाही. खिळ्यानं ओरखडा उठला, म्हणजे गारगोटीही नाही. हा झिओलाइटच असणार! तापवला की त्यातलं पाणी वाफ होऊन निघतं. म्हणून १७५६ साली स्वीडनच्या क्रोनस्टेट यांनी त्याला ‘उकळणारा दगड’ अशा अर्थाचं हे नाव दिलं.

तेवढ्यात मागून प्रश्न आला, “गुरुजी, दगडाला एवढी भोकं, मग आमच्या हिरीला पाणी का न्हाई? दादानं पाच परस खोदलंय.”

मी क्षणभर गप्प झालो. मग म्हणालो, “बाळा, ही भोकं एकमेकांना जोडलेली नसतात. त्यात त्या जुन्या गरम पाण्यानं ती बुजवून टाकली. आजचं पाणी राहतं ते भेगांत आणि वरच्या मुरमात. पावसाचं पाणी डोंगरावरच अडवलं, तर ते भेगांतून खाली उतरेल.”

त्यानं तो दगड दप्तरात घातला. “दादाला दावतो,” म्हणाला.

मुलांनो, तुमच्या गावातही विहिरीचे दगड निरखून पाहा. मोठं माणूस सोबत घ्या, काठाजवळ जाऊ नका. आणि हो, ही खडीसाखर चाखू मात्र नका!