माथ्यावरचे पाणी

दक्षिण फ्रान्समधल्या तुलूझ शहरातून पूर्वेकडे निघालेली नाव आधी चढ चढते. कनाल द्यु मिदी या २४० किलोमीटर लांबीच्या कालव्यावरचा प्रवास म्हणजे खरे तर घाट ओलांडणेच आहे. नॉरूझच्या खिंडीपाशी, समुद्रसपाटीपासून १८९ मीटरवर, माथा गाठायचा आणि तिथून भूमध्य समुद्राकाठच्या खाऱ्या सरोवरापर्यंत उतरायचे. पर्यटनाच्या पत्रकांत यातले काही दिसत नाही. तिथे असते संथ पाणी, दुतर्फा उंच झाडे, मागे द्राक्षमळे. हे सगळे निसर्गाच्या खाती जमा करायची आपल्याला सवय आहे. पण या कालव्यात जे जे मोहक आहे, ते जवळजवळ सगळे एका टंचाईतून आले आहे. जिथे नदी नाही अशा माथ्यावर पाणी आणायचे कुठून, आणि आणलेले पुरवायचे कसे, या विवंचनेतून.

ही विवंचना कळायला एका लॉकमधून, म्हणजे जलपाशातून, नाव कशी चढते ते पाहावे. नाव दगडी हौदात शिरते, मागची दारे मिटतात. दोन्ही बाजूंना शेवाळलेल्या ओल्या भिंती आणि वर आभाळाची पट्टी. रखवालदार पुढच्या दारांतल्या झडपा उघडतो, पाणी फेसाळत आत येते आणि नाव वर येईल तसा काठाला बांधलेला दोर आवरत राहावा लागतो. काही मिनिटांत रखवालदाराचे बूट नजरेच्या पातळीला येतात. मिटलेली दारे वरच्या पाण्याकडे कोन करून उभी असल्यामुळे पाण्याचा दाबच त्यांना घट्ट धरून ठेवतो. दोन्हीकडची पातळी सारखी झाल्याशिवाय, कितीही जोर लावला तरी ती हलत नाहीत. या सगळ्यात इंधन लागत नाही, पण पाणी लागते. हौदाची लांबी ३० मीटर, मधली रुंदी ११ मीटर आणि चढ अडीच मीटर धरला, तर एका खेपेला साडेसहा लाख लिटरच्या आसपास पाणी खाली जाते. माथा ओलांडणारी प्रत्येक नाव चढताना एक हौद आणि उतरताना एक हौद पाणी माथ्यावरून घेऊन जाते.

दोन दारांमध्ये पाणी कोंडून नाव चढवण्याची युक्ती चीनमध्ये दहाव्या शतकात होती. फ्रान्समध्येही असाच माथा ओलांडणारा ब्रियारचा कालवा १६४२ मध्ये सुरू झाला होता. त्यामुळे मिदीचा कालवा बांधणाऱ्या प्येर-पॉल रिके याने लॉक शोधून काढला नाही. तो इंजिनिअरही नव्हता. लाँगदोक प्रांतात मिठावरच्या कराचा मक्ता त्याच्याकडे होता. त्याची खरी करामत कालव्यापासून दूर, उत्तरेच्या ‘काळ्या डोंगरा’त आहे. तिथले ओढे पाटांनी अडवून, वळवून त्याने नॉरूझच्या माथ्यावर आणले आणि वाटेत सँ-फेरेओल येथे मातीचे प्रचंड धरण बांधले. त्याच्या तलावात साठ लाख घनमीटरहून अधिक पाणी मावते. वरच्या हिशेबाने हे सुमारे नऊ-दहा हजार हौद झाले. गळती आणि बाष्पीभवन सोडून दिले तरी एका भरणीत पाच हजार नावासुद्धा माथा ओलांडू शकत नाहीत. नावांची ये-जा वाढल्यावर १७८२ मध्ये लांपीचे दुसरे धरण बांधावे लागले, ते उगीच नाही. नॉरूझला रिकेच्या वंशजांनी उभारलेला स्तंभ आहे. जवळच त्याने बांधलेल्या अष्टकोनी तळ्याची जागा आहे. तळे गाळाने भरले आणि तिथे झाडी लावली गेली. प्रवासी इथे फारसे थांबत नाहीत. सगळी गर्दी पुढे कार्कासोनच्या किल्ल्यापाशी. गंमत म्हणजे त्या शहराने वेळेला पैसे द्यायला नकार दिला, म्हणून कालवा त्याला वळसा घालून गेला होता. तो शहरात आणायला १८१० साल उजाडले.

यावर एक आक्षेप रास्त आहे. पाण्याची एवढी चिंता होती, तर या कालव्याचे लॉक लंबगोल का? त्या फुगीर पोटात चौकोनी हौदापेक्षा कितीतरी जास्त पाणी जाते. कारण असे, की सुरुवातीला बांधलेल्या सरळ भिंती हौद रिकामा झाल्यावर बाहेरच्या मातीच्या रेट्याने कोसळल्या. कमान जशी वरचा भार पेलते, तशी आडवी कमान बाजूचा रेटा पेलते, म्हणून भिंतींना बाक दिला गेला. म्हणजे काटकसरीवर इथे भीतीने मात केली आणि त्या उधळपट्टीची भरपाई डोंगरातल्या पाटांनी केली. ज्या गोलाईचे आज फोटो काढले जातात, ती सौंदर्यदृष्टीने आलेली नाही. कोसळलेल्या बांधकामाने शिकवलेली आहे.

दुसरा आक्षेप जास्त कडक आहे. हा कालवा मुळात फसलेला प्रकल्प नाही का? चौदाव्या लुईने १६६६ मध्ये फर्मान काढले, त्यामागे कोल्बेर या मंत्र्याचा मनसुबा होता की जिब्राल्टरचा वळसा टाळून जहाजे अटलांटिकमधून भूमध्य समुद्रात यावीत. तीस मीटरच्या हौदातून आरमार कसले जाणार! रिके १६८० मध्ये डोक्यावर कर्ज ठेवून वारला आणि काही महिन्यांनी, १६८१ मध्ये, कालवा खुला झाला. त्यातून मुख्यतः गहू आणि वाइन गेली. पण राजाचे स्वप्न फसले म्हणून कालवा फसला असे होत नाही. रेल्वे येईपर्यंत पावणेदोनशे वर्षे तो या प्रांताचा मुख्य रस्ता होता. प्रवासी नावांची शिस्तही इथे पाहण्यासारखी होती. लॉकची माळ आली, की उतारू चालत पलीकडे जात आणि तिथे उभ्या असलेल्या दुसऱ्या नावेत बसत. वेळ वाचे आणि हौदभर पाणीही. १८५८ मध्ये कालवा चाळीस वर्षांसाठी चक्क प्रतिस्पर्धी रेल्वे कंपनीच्याच हाती गेला. कंपनीने त्याची भरभराट केली नाही, हे सांगायला नको. १८७९ मध्ये मंत्री फ्रेसिने यांनी देशभरातल्या कालव्यांसाठी ३९ मीटरचे लॉक हे प्रमाण ठरवले, तेव्हा मिदी बहुतांश जुन्या मापातच राहिला. मालवाहतुकीच्या दृष्टीने हे दुर्दैव, पण त्यामुळेच रिकेच्या काळातले हौद शाबूत राहिले आणि १९९६ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेले.

आता झाडांबद्दल. ती नसती तर या हिशेबाला कोण विचारणार, असे कुणी म्हणेल. पण ती चिनारासारखी प्लेनची झाडे बहुतेक एकोणिसाव्या शतकात लावलेली आहेत. मुळांनी काठ धरून ठेवावा आणि सावली मिळावी हा हेतू. २००६ पासून एका बुरशीने त्यांना घेरले आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याच्या दारूगोळ्याच्या लाकडी पेट्यांतून ती फ्रान्समध्ये आली असे मानतात. सुमारे ४२ हजार झाडांपैकी हजारो तोडावी लागली, त्यांच्या जागी दुसऱ्या जातींची रोपे उभी आहेत. अशा भकास पट्ट्यांतून नाव जाते तेव्हा ऊन भाजून काढते. तरी लॉकपाशी नाव आली की लोक काठावर गोळा होतातच.

बेझिएजवळ फोन्सरानला तर तिकीट न काढता जत्रा भरते. एकाला एक जोडलेल्या आठ हौदांची ही पायऱ्यांची वाट एकवीस मीटरहून जास्त उंची उतरते. तिच्या शेजारी १९८३ मध्ये एक आधुनिक उतरण बांधली गेली. मोठ्या चाकांचे यंत्र पाण्याची आख्खी पाचर नावेसकट उतारावरून ढकलत नेणार होते. हौद भरायला नकोत, थांबायला नको. ते सतत बिघडत राहिले आणि शेवटी बंद पडले. आज त्याचा सांगाडा तिथेच उभा आहे आणि नावा शेजारच्या सतराव्या शतकातल्या हौदांतून जातात. अवर्षणाच्या वर्षी तर एकट्या नावेसाठी दारे उघडत नाहीत. मागून आणखी दोन-तीन नावा येईपर्यंत थांबायला सांगतात. सुट्टीवर आलेले लोक कुरकुरतात, खुर्च्या काठावर मांडतात, आणि रखवालदार काळ्या डोंगरातल्या तलावात किती पाणी उरले आहे ते सांगत बसतो.