एकोणशंभर

सरावपाठ संपवून बाहेर पडलेल्या छात्राध्यापकांच्या गप्पांत पाठ फारसा उरत नाही; उरतात ती पोरांची उत्तरं. ‘तहान लागल्यावर आपण काय पितो?’ या प्रश्नाला ‘पाणी’ असं उत्तर यावं आणि लगेच हेतुकथन करून घटकाचं नाव फळ्यावर लिहावं, अशी टाचणात सोय केलेली असते. वर्गातून मात्र ताक येतं, सरबत येतं, मागच्या बाकावरून ‘आमचे आबा चहाच पितात’ येतं. वर्ग हसतो, निरीक्षकांचं पेन हलतं, शिकवणाऱ्याला घाम फुटतो. पुढे त्याचा किस्सा होतो, आणि किस्सा झाला की विचार थांबतो, एवढीच माझी तक्रार. चूक शोधायचीच तर ती प्रश्नात आहे. एकच उत्तर राखून ठेवलेला प्रश्न म्हणजे ‘ओळखा पाहू’. मूल बिचारं विचारलं तेवढ्याचंच उत्तर देतं.

अठ्ठ्याण्णवनंतर काय, असं विचारल्यावर दुसरीतलं एखादं मूल ‘एकोणशंभर’ म्हणालं तर हसू येणारच. पण एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस असं करत एकोणनव्वदपर्यंत आपणच त्याला नियम पाठ करून घेतलेला असतो. नव्याण्णवला तो नियम मोडतो मराठी, मूल नव्हे. ‘मी चित्र करलं’ हेही तसंच. धरलं, भरलं, चरलं बरोबर, मग करलं का नाही? त्रेपन्न ऐकून ३५ लिहिणारं मूलही कानावर आधी पडलेला तीन आधी लिहितं, इतकंच. बालभारतीने २०१९मध्ये दुसरीच्या गणितात ‘वीस एक’ अशी वाचनपद्धत आणली ती याच अडचणीपायी. तेव्हा मोठ्या माणसांनी विनोदांचा पाऊस पाडला. पुस्तकाच्या बाजूने बोलणाऱ्या मंगला नारळीकरांचं म्हणणं ऐकून घेण्याची घाई फार थोड्यांना होती. ती पद्धत योग्य की अयोग्य हा वाद वेगळा. मुलांना अडतं कुठे, हे त्या हशात कुणी पाहिलं नाही, हे खरं.

यावर कुणी म्हणेल, तास पस्तीस मिनिटांचा, त्यात गुण मिळवायचे. प्रत्येक गमतीपाशी थांबलं तर पाठ पुरा कधी होणार? रास्त आहे. पण एनसीटीईच्या २०१४च्या नियमावलीने प्राथमिक शिक्षकांच्या डी.एल.एड. पदविकेत २० आठवड्यांची आंतरवासिता ठेवली आहे, ती काय फक्त पाठ पुरे करायला? वर्ग हातचा जाण्याची भीतीही खोटी नाही. गिजुभाई बधेकांच्या ‘दिवास्वप्न’मधल्या शिक्षकाचा शांततेचा खेळ पहिल्याच दिवशी गोंगाटात बुडतो, दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगायला घेतो. आणि काही उत्तरं निव्वळ वात्रट असतात, त्यांत तर्कबिर्क शोधू नये. मला जास्त वजनदार वाटतो तो आक्षेप वेगळाच: आपण उत्तराला हसतोय की आपल्याला, हे सहा-सात वर्षांच्या मुलाला कसं कळावं? बहुधा कळत नाही. म्हणून शिकवणाऱ्याने आधी हसू नये. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत सगळे एकाखाली एक फळ्यावर लिहावेत, शेवटी ‘एकोणशंभर’ लिहावं आणि हे का चालत नाही ते वर्गालाच विचारावं. मग हशा झालाच तर तो मराठी अंकांना होईल, आणि त्यांना २०१९पासून त्याची सवय आहे.