तुरीचे परराष्ट्र धोरण

लातूरला मुलगी हुशार निघाली की ती डॉक्टर होते. फारच हुशार निघाली तर तिच्या धाकाने धाकटा भाऊही डॉक्टर होतो. यालाच 'लातूर पॅटर्न' म्हणतात. त्यामुळे माझ्या भाचीने 'आंतरराष्ट्रीय संबंध' या विषयात एम.ए. करायचे जाहीर केले, तेव्हा घरात सुतकी शांतता पसरली. बहिणीचा नांदेडला फोन आला, "दादा, पोरगी परदेशाशी संबंध शिकायचं म्हणूलाली! इथं भावकीतले संबंध टिकंनात!"

मी बँकेतला कारकून. नात्यातला प्रश्न आकड्यांवर आला की माझ्याकडे येतो. भाचीला दोन ठिकाणांहून होकार होता. मी वहीत दोन रकाने आखले.

एक, दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ. तिथले हे अभ्यासकेंद्र 1955 साली स्वतंत्र संस्था म्हणून निघाले आणि 1970 मध्ये विद्यापीठात सामील झाले. शिकवणीची वर्षाची फी आमच्या शाखेच्या चहाच्या बिलाला लाजवील अशी. शिवाय नांदेडहून सचखंड एक्स्प्रेस थेट दिल्लीला.

दोन, जिनिव्हाची संस्था, 1927 सालची. संयुक्त राष्ट्रांचे कार्यालय हाकेच्या अंतरावर. पण खर्च स्विस फ्रँकमध्ये. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांपुढे गेले की बँक सहसा तारण मागते, आणि मेव्हण्यांकडे तारण म्हणजे एकच : राहते घर. तो रकाना लिहिताना बहीण दाराच्या चौकटीवर हात ठेवून उभी होती.

मेव्हणे आडत्या माणूस. म्हणाले, "घर राहू द्या. या शिक्षणाचा लातूरला उपयोग काय?"

"बाबा," भाची म्हणाली, "2016 साली सरकारनं मोझांबिकशी तुरीच्या आयातीचा करार केला, तेव्हा तुमचं जेवण कुणी बंद केलं होतं? हेच परराष्ट्र धोरण. अन् 1948 साली निजामानं हैदराबादचं गाऱ्हाणं सुरक्षा परिषदेत नेलं. 16 सप्टेंबरला पॅरिसमध्ये ते चर्चेला आलं, 17 ला निजाम शरण आला. आपला मराठवाडा त्याच संस्थानात होता. म्हणजे आजोबांचं गावसुद्धा पॅरिसच्या कागदावर होतं!"

प्रकरण टेबलावर येताच दुसऱ्या दिवशी निकालात! मी एवढ्या वर्षांच्या नोकरीत असा झपाटा पाहिलेला नाही.

शेवटी तिनेच पेन घेतले आणि जिनिव्हाच्या रकान्यावर आडवी रेघ ओढली. "घर गहाण टाकून जग बघायचं नाही, मामा. आधी दिल्ली. शिष्यवृत्ती मिळाली तर पुढचं." बहिणीचा हात चौकटीवरून खाली आला.

मेव्हणे बराच वेळ गप्प. मग हळूच म्हणाले, "दिल्लीत शिकून ती मोझांबिकची तूर थांबवता येईल?"

"थांबवता नाही येणार. पण ती निघाली, हे तुम्हाला बाजाराआधी कळंल."

मेव्हण्यांनी तिकिटाचे पैसे काढले. ए.सी.चे.